मूत्रपिंड बदलल्यावर : मातीतून आलेली औषधं कशी सांभाळायची

टॅक्रोलिमस हे औषध जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, सायक्लोस्पोरिन बुरशीपासून. दोन्ही टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) आवरतात, म्हणून शरीर नवं मूत्रपिंड परकं समजून नाकारत नाही. पण 'नैसर्गिक ते सगळंच चांगलं' असं मानून त्यांत गुळवेलीचा काढा मिसळू नका. तो प्रतिकारशक्तीला चेतवतो, म्हणजे नेमकं उलटं काम.

नेहमीची टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यायची: सकाळी आठ, रात्री आठ. उपाशीपोटी घेत असाल तर रोज तसंच. रक्तातली औषधाची पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी नळीत रक्त दिल्यावरच घ्या. आधी घेतली तर आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि डोस विनाकारण कमी होतो.

चवथीला गणपतीवर बांधलेल्या माटोळीचं (फळाफुलांच्या छताचं) पपनस उतरवलं की घरात सगळे खातात. तुम्ही खाऊ नका, एक फोडही नको. ते आतड्यातलं औषध मोडणारं विकर (एन्झाइम) अडवतं, पातळी चढते, हात थरथरतात, मूत्रपिंडालाच इजा होते. हुमणातली (माशांच्या कालवणातली) हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत.

जुलाब लागले तरी पातळी वाढू शकते, तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवा. पावसाळ्यात गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, दमट हवेत सुट्या काढून नको. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. कंपनी परस्पर बदलू नका, फार्मसीवाल्याने सांगितलं तरी.