सायलेन्सर बदलल्यावर गाडी फटाके मारते? मेन जेट बदलण्याआधी या चुका टाळा

नवीन सायलेन्सर बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून ॲक्सिलेटर सोडला की फटाके वाजू लागले, गाडी सकाळी चोकशिवाय उठेना, तर गॅरेजात पहिला सल्ला ठरलेला असतो: "मेन जेट मोठा टाकून देऊ." जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. आता गंमत बघा. मेन जेटचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलेटरची मूठ पाऊण उघडल्याच्या, पुढे सुरू होतं, आणि फटाके वाजतात ते थ्रॉटल बंद असताना. म्हणजे औषध एका दुखण्याचं आणि दुखणं दुसरंच. जेट मोठा होतो, ॲव्हरेज पडतं, फटाके तसेच राहतात.

आधी कायद्याचं, थोडक्यात. कंपनीच्या मंजूर रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कलम 190(2) खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. त्यामुळे आतली जाळी काढून टाकलेला पाइप घेऊच नका. तसल्या पाइपवर कुठलीच सेटिंग धड बसत नाही.

गळती न शोधता सेटिंगला हात घालणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. पाइप हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) जिथे बसतो तिथलं गोल गॅस्केट एकदा दबलं की संपलं. जुनंच परत लावलं तर बहुतेक वेळा गळतं. मग धुराच्या प्रत्येक धक्क्यामागून येणारी ओढ बाहेरची हवा पाइपात खेचते, न जळलेल्या पेट्रोलला ती हवा मिळते, आणि ते पाइपातच पेट घेतं. तुमचा फटाका तो हाच.

बसवण्याचा क्रमही बघा. आधी सगळे नट-बोल्ट नुसते हाताने अडकवायचे. मग हेडकडचे दोन नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. फूटरेस्टजवळचा बोल्ट आणि क्लॅम्प सर्वांत शेवटी. उलटं केलं तर पाइप ताणलेला राहतो, गॅस्केट एकाच बाजूने दबतं, आणि कधी हेडमधला स्टडच तुटतो. शंभरेक किलोमीटर चालल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, नट पुन्हा तपासा.

गळती बघायला मशीन लागत नाही. थंड इंजिन चालू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे किंवा फुर्र-फुर्र दिसली की जागा सापडली. पाइप तापल्यावर पाणी उडून जातं, म्हणून हे पहिल्या मिनिटातच करायचं. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तरी अर्थ तोच.

दुसरी जागा कार्बोरेटर आणि हेडमधला रबर. आठ-दहा वर्षांच्या गाडीत तो आतून चिरलेला असतो आणि बाहेरून साबूत दिसतो. आयडलवर, म्हणजे मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना, त्याच्याभोवती पाणी फवारा. इंजिनाचा सूर बदलला तर रबर बदला. इथे पेट्रोल शिंपडून बघणारे महाभाग आहेत. गरम इंजिनावर ते करू नका, गाडी पेटते.

बऱ्याच गाड्यांत हेडकडे ताजी हवा सोडणारी एक बारीक नळी असते. मोकळ्या सायलेन्सरवर तिच्यामुळेही थोडे फटाके वाजतात. हा सेटिंगचा दोष नव्हे. नळी फाटलेली नाही एवढं बघा.

थ्रॉटल किती उघडा होता हे न बघणं

"मधेच गाडी गॅप घेते" एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर कागदी टेप लावा; बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते ते पाहिलं की निम्मं काम झालं. बंद ते पाव: पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट), त्याचा स्क्रू आणि स्लाइडचा, म्हणजे मुठीसोबत वर उचलणाऱ्या झडपेचा, काप. पाव ते पाऊण: स्लाइडला लटकलेली सुई. त्यापुढे मेन जेट. रबरी पडद्याच्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये स्लाइड मुठीच्या मागे हुबेहूब चालत नाही, तिथे हा हिशेब ढोबळ धरा.

मग त्याच खुणेवर मूठ धरून चोक किंचित ओढा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. आणखी दाबली गेली तर आधीच जास्त आहे. फुकटची चाचणी आहे आणि क्वचितच चुकते.

स्क्रू कुठल्या बाजूला आहे हे न पाहता फिरवणं

पायलटचा हा स्क्रू कार्बोरेटरच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रण सोडतो. बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो. बाहेर फिरवला की पेट्रोल कमी होतं. दोन गाड्यांवर एकच हात चालवणारे इथेच फसतात.

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून तापवा. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, किती फेरे लागले ते लिहून ठेवा आणि तेवढेच परत बाहेर काढा. जोर लावून आवळला तर टोक मोडतं किंवा बैठक खराब होते, मग कार्बोरेटरच बदलावा लागतो. आता पाव-पाव फेरा फिरवत आयडल जिथे सर्वांत वर जातं ती जागा शोधा आणि आयडलच्या स्क्रूने ते खाली आणा. 100-125 सीसीच्या गाडीला साधारण 1,400 आरपीएम ठीक. मिश्रणाच्या स्क्रूला तीनपेक्षा जास्त फेरे लागत असतील तर पायलट जेट एक नंबर मोठा हवा. एका फेऱ्याच्या आतच सूर लागत असेल तर एक नंबर लहान. हवेच्या स्क्रूला हाच हिशेब उलटा.

पीयूसी सेंटरवर आयडलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. तो आकडा पायलटची सेटिंग तपासायला कामी येतो, पावती घेताना विचारून घ्या. बीएस-4 पूर्वीच्या, 2000 नंतरच्या फोर-स्ट्रोक गाडीला 3.5 टक्क्यांची मर्यादा आहे.

जेटमध्ये तार घालणं

जेटचं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. क्लचच्या केबलची तार घालून "साफ" केला की तो जेट त्या नंबरचा उरत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब एवढंच वापरा. मोठा करायला ड्रिल तर नकोच.

सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली लावा; सुई वर येते, पेट्रोल वाढतं. एकच खाच असेल तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर पुरतो. क्लिप उडते, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. मेन जेट एका वेळी एकच नंबर वर. मिकुनी कंपनीचा 100 म्हणजे केहिन कंपनीचा 100 नव्हे, दोघांची मोजायची रीत वेगळी. तालुक्याला मिळत नाही म्हणून दुसऱ्याच कंपनीचा जेट बसवू नका, नागपूर-अमरावतीहून मागवा. आणि एका चाचणीत एकच बदल. जेट, सुई, फिल्टर तिन्ही एकदम बदलले तर बिघडलं कशाने हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्लग पांढरा दिसला की घाबरणं

"प्लग विटकरी हवा" हा नियम जुन्या पेट्रोलचा. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) स्वच्छ जळतं, प्लग फिका दिसणारच. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे 14.7 किलो हवा लागते, ई20 ला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं, आणि जुनी कार्बोरेटरची गाडी सायलेन्सर बदलण्याआधीच थोडी कोरडी, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालत असते. त्यात मोकळा पाइप लावला की भर पडते. खरी खूण ओझ्याखाली दिसते: डबलसीट, चढ, तिसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण. हेडमधून टकटक आली, किंवा मूठ किंचित मिटल्यावर गाडी उलट जास्त ओढू लागली, तर मेन जेट खरंच लहान आहे. असं इंजिन भर उन्हात दामटलं तर पिस्टन धरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतं.

मे महिन्यात केलेली सेटिंग कायमची समजणं

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. डिसेंबरच्या पहाटे तोच 10 अंशांवर येतो. थंडीतली हवा त्या उन्हाळी हवेपेक्षा सुमारे 12 टक्के दाट असते. म्हणून भर दुपारी झकास बसवलेली गाडी हिवाळ्यात कोरडी पडते आणि फटाके पुन्हा सुरू होतात. सेटिंग सकाळी आठ-नऊला करा, किंवा दिवाळीनंतर स्क्रू एकदा तपासा. चिखलदऱ्याला, सुमारे 1,100 मीटरवर, गाडी थोडी जड वाटेल. एका फेरीसाठी जेट बदलायची गरज नाही.

फिल्टर काढून टाकणं

मोकळ्या सायलेन्सरसोबत मोकळा फिल्टर, ही जोडी पांदण रस्त्यावर इंजिन खाते. वेचणीच्या दिवसांत काळ्या मातीची भुकटी पिठासारखी उडते आणि सिलिंडरवर रेघा ओढते. शिवाय फिल्टरची डबी काढली की सीव्ही कार्बोरेटरची स्लाइड नीट उचलत नाही. मधल्या थ्रॉटलची ती खोट कुठल्याच जेटने भरत नाही. कंपनीची डबी राहू द्या, आतला फिल्टर नवा टाका.

बीएस-6 गाडीला कार्बोरेटरसारखं वागवणं

2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत जेट नाही, इंजेक्टर आहे, आणि पाइपात ऑक्सिजन सेन्सर. नवीन पाइपला सेन्सरची जागा नसली की काही जण तो बाजूला बांधून ठेवतात. मग इंजिनाचा दिवा लागतो, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) अंदाजाने पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज कोसळतं. सेन्सरच्या आधी गळती असेल तर आणखी मजा: सेन्सरला बाहेरची हवा लागते, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी आहे, तो वाढवत जातो. मग गाडी काळा धूर ओकते आणि फटाकेही मारते. जोडाला साधा सिलिकॉन फासू नका. तो तिथल्या उष्णतेने जळतो आणि त्याची वाफ सेन्सर निकामी करते. ओहमचा रेझिस्टर लावून सेन्सरला फसवायचे जुगाडही याच रांगेतले. नुसता मागचा डबा बदलला असेल आणि सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जागेवर असतील, तर ईसीयू सहसा आपलं आपण जुळवून घेतो.

जुना सायलेन्सर भंगारात देऊ नका. दोन दिवस खटपट करूनही दोष सापडला नाही तर तोच नव्या गॅस्केटसह परत बसवा, सेटिंग मूळ आकड्यांवर आणा आणि गाडी चालवा. दोष गेला तर नव्या पाइपचा. तसाच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग आणि पेट्रोल बघा. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवलं की तळाला बसलेलं पाणी वेगळं दिसतं.