दुर्बीण आणली, पण काहीच दिसत नाही? या चुका टाळा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: '५२५ पट मोठं दिसेल!' बहुतेकांची पहिली चूक इथेच होते, दुर्बीण घरी पोचायच्या आधी.

हा आकडा येतो कुठून ते बघा. नवशिक्यांच्या बऱ्याच दुर्बिणी ७० मिमी भिंगाच्या आणि ७०० मिमी नाभीय अंतराच्या (भिंगापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) असतात. या ७०० ला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की किती पट ते कळतं. २५ मिमीचा आयपीस लावला तर २८ पट, १० मिमीचा लावला तर ७० पट. ४ मिमीचा लावला की १७५, आणि त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स चढवली की झाले ५२५. हिशोब बरोबर, दिसत मात्र काही नाही. कारण भिंग तेवढंच आहे, आत येणारा प्रकाशही तेवढाच. पट दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र काळपट, गढूळ होतं. भिंगाचा व्यास जितके मिमी, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच विवर्धन कामाचं. ७० मिमीला १४० पट म्हणजे डोक्यावरून पाणी.

म्हणून बार्लो सध्या खोक्यातच राहू द्या. सुरुवात कायम २५ मिमीने करायची, वस्तू मधोमध आणायची, मगच १० मिमी लावायचा. शनीची कडी ७० पटीला दिसते. २०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्या दृष्टीने अगदी आडवी झाली होती आणि पुढचे काही महिने नुसती बारीक रेघ दिसत होती. तेव्हा अनेकांनी विनाकारण दुर्बिणीला नावं ठेवली.

दुसरी तक्रार नेहमीची: 'चंद्रसुद्धा सापडत नाही.' यात दोष फाइंडरचा असतो. वरची ती छोटी नळी किंवा लाल ठिपका मुख्य दुर्बिणीशी जुळवलेला नसतो. हे काम रात्री अंधारात करू नका. दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक २५ मिमीच्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्यातही मध्यावर घ्या. हे करताना सूर्याच्या दिशेला अजिबात जायचं नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. आयपीसला लावायची छोटी काळी 'सन फिल्टर' काच सोबत आली असेल तर ती सरळ फेकून द्या. ती उष्णतेने तडकते. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा असतो, आणि तोही खास त्यासाठीच बनवलेला.

ग्रह सापडला, पण दोन-तीन मिनिटांत पळाला? काही बिघडलेलं नाही, पृथ्वी फिरते आहे. ७० पटीला दिसणारा आकाशाचा तुकडा जेमतेम पाऊण अंशाचा असतो आणि आकाश मिनिटाला पाव अंश सरकतं. चित्र उलटं दिसतं हेही नैसर्गिकच. तारा मात्र कितीही पट वाढवलं तरी ठिपकाच राहायला हवा. तो मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला दिसत असेल तर फोकस चुकलाय.

चित्र लटपटत असेल तर तिपाईचे पाय पूर्ण ताणू नका. ते आखूड ठेवून खुर्चीवर बसून बघा. दिवसभर तापलेली गच्ची किंवा शेजारचे पत्रे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतात, त्यांच्यावरून पाहिलं तर गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसणारच. खिडकीच्या काचेतून बघणं तर नकोच.

पाहुणे जमवून चंद्र दाखवायला लोक पौर्णिमा निवडतात. त्या दिवशी सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या उरत नाहीत, सगळं सपाट आणि डोळे दिपवणारं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा उठून दिसतात. एकदा तिथे नजर लागली की आयपीससमोरची रांग पुढे सरकत नाही.

मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी दिसतो, तुम्हाला मात्र राखाडी धूसर ढग दिसेल. अंधारात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत. त्यांना जागं व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाइलकडे एकदा बघितलं की मुसळ केरात. अंधुक वस्तूकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा, ती जास्त ठळक होते.

अजून खरेदी केली नसेल तर घाई नको. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला जा, चार दुर्बिणींना डोळा लावा, मग पैसे काढा. माझ्या मते पहिली खरेदी १०×५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री असावी. हात कशावर तरी टेकवून धरलीत तर गुरूचे चंद्रही तिच्यातून दिसतात.

आणि गुरू एकदाच पाहून 'झालं बघून' म्हणणं, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक. वहीत एक गोल आणि त्याच्या आजूबाजूला चार मोठ्या चंद्रांचे ठिपके काढा, शेजारी वेळ लिहा. त्यातला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, त्यामुळे एका संध्याकाळीच त्याची जागा बदललेली कळते. १६१० मध्ये गॅलिलिओने हेच केलं होतं. पुढे या आयोचीच ग्रहणं कधी लवकर तर कधी उशिरा होताना दिसली आणि त्यावरून १६७६ मध्ये ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो हे दाखवून दिलं. चारऐवजी तीनच ठिपके दिसले तर लेन्स पुसत बसू नका. चौथा गुरूच्या मागे किंवा पुढे असेल. तासा-दोन तासांनी परत बघा.