मनात घर करणारे भयपट कसे शोधावेत आणि कसे पाहावेत

‘सर्वांत भीतिदायक’ चित्रपटांच्या याद्या चाळण्याऐवजी आपल्याला आधीच भावलेल्या एखाद्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीपासून सुरुवात करावी. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) आवडला असेल, तर त्याची मूळ कादंबरी कोणाची, हे पाहावे. ती ब्वालो-नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाची आहे आणि त्यांच्याच दुसऱ्या कादंबरीवर आंरी-जॉर्ज क्लुझो यांनी १९५५ मध्ये ‘ले दियाबोलिक’ हा चित्रपट केला. ‘तुंबाड’ (२०१८) पाहून नारायण धारपांच्या कथांकडे वळलेल्यांना ही वाट परिचित आहेच.

चित्रपट निवडल्यावर त्याचा ट्रेलर पाहू नये आणि परीक्षणेही नंतरच वाचावीत. ‘ले दियाबोलिक’च्या अखेरीस तर, शेवट कोणाला सांगू नका, अशी विनंतीच पडद्यावर येते आणि ती मनापासून पाळण्यासारखी आहे.

पुनर्निर्मितीपेक्षा मूळ चित्रपट आधी पाहावा. जॉर्ज स्लॉयझर यांच्या ‘स्पूरलोस’मध्ये (१९८८) प्रवासात थांबलेल्या जोडप्यातील तरुणी नाहीशी होते. अपहरण कोणी केले, हे प्रेक्षकाला लवकर कळते, तरीही ताण वाढतच जातो, कारण तिचे नेमके काय झाले हे जाणून घेण्यासाठी तिचा प्रियकर काय पणाला लावील, याची धास्ती आपल्याला सोडत नाही. याच दिग्दर्शकाने १९९३ मध्ये केलेल्या इंग्रजी आवृत्तीचा शेवट बदलला आहे, आणि माझ्या मते त्यामुळे कथेचा कणाच मोडला आहे.

पाहताना खोलीत अंधार करावा, हेडफोन लावावा आणि मोबाइल दूर ठेवावा. कियोशी कुरोसावा यांच्या ‘क्युअर’साठी (१९९७) हे अत्यावश्यक आहे. त्यात खून करणारी माणसे वेगवेगळी आहेत, मृतदेहावरची खूण मात्र एकच आहे, आणि आपण असे का केले, हे त्यांतील कोणालाच सांगता येत नाही. कॅमेरा बराच वेळ लांब उभा राहतो आणि आता काही भयंकर घडणार आहे, अशी सूचना संगीत देत नाही. त्यामुळे यंत्रांची घरघर, पाण्याचा आवाज आणि चौकटीच्या कोपऱ्यातील हालचाल यांकडे आपले आपणच सावध राहून पाहावे लागते. उपशीर्षके वाचण्याच्या नादात डोळे केवळ खालच्या ओळीवर खिळू देऊ नयेत.

जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसंट्स’ (१९६१) मात्र दोनदा पाहावा. हेन्री जेम्स यांच्या कथेवरील या चित्रपटात छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी चौकटीच्या कडा मुद्दाम काळवंडवल्या आहेत. पहिल्या वेळी डेबोरा कार यांनी साकारलेल्या गव्हर्नेसवर, म्हणजे मुलांना घरी राहून सांभाळणाऱ्या शिक्षिकेवर, पूर्ण विश्वास ठेवावा. दुसऱ्या वेळी, भुताची आकृती दिसते त्या प्रत्येक प्रसंगी तिच्याखेरीज आणखी कोणी ती पाहिल्याचा पुरावा कॅमेरा देतो का, एवढेच तपासावे.