पोट बिघडलेल्या कुत्र्या-मांजरांची शुश्रूषा करताना या चुका टाळा

कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात परिचर्येचे काम करताना मला चौदा वर्षे झाली आणि या काळात उलट्या-जुलाबांचे जेवढे रुग्ण पाहिले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही आजाराचे पाहिले नाहीत. औषध कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, त्याविषयी मला काही सांगायचे नाही. मला सांगायचे आहे ते तपासणी संपल्यानंतरच्या तासांविषयी, ज्या तासांत प्राणी आमच्यासारख्या मदतनिसांच्या आणि घरच्या माणसांच्या हाती असतो. त्या तासांत दर पावसाळ्यात, दर उन्हाळ्यात त्याच चुका होताना मी पाहते आणि त्यांतल्या बहुतेक चुका निष्काळजीपणातून होत नाहीत. त्या घाईतून आणि मायेतून होतात, म्हणूनच त्या थांबवणे अवघड जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सिरिंजने बळेबळे भरवणे. काही वर्षांपूर्वी अडीच महिन्यांचे एक लॅब्रेडॉरचे पिल्लू पार्वो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा विषाणूचा आजार, घेऊन आमच्याकडे आले. चार दिवस सलाईनवर होते. पाचव्या दिवशी उलट्या थांबल्या, हाक मारली की शेपूट हलू लागली, वाटीतले पाणी त्याने आपणहून चाटले आणि संध्याकाळी त्याला घरी सोडले. निघताना मी त्या घरच्या बाईंच्या हातात वीस मिलिलिटरची सिरिंज दिली आणि म्हणाले, “दर दोन तासांनी थोडी थोडी पेज द्या.” कशी द्यायची ते सांगितले नाही, कारण बाहेर आणखी पाच रुग्ण थांबले होते. रात्री पिल्लाने तोंड फिरवले तेव्हा बाईंनी त्याला तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे घेतले, मान वर केली आणि सिरिंज रिकामी केली. सकाळी पिल्लू परत आले ते मान ताणून श्वास घेत. नाकपुडीशी पेजेचा पांढरा बुडबुडा दर श्वासाला फुगत होता आणि हिरड्या जांभळट झाल्या होत्या. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसावर पांढुरका ढग दिसला. तिसऱ्या दिवशी ते गेले. पार्वोतून ते वाचले होते. बाईंनी मला विचारले, “ताई, माझे काय चुकले?” त्यांचे काहीच चुकले नव्हते, त्यांनी मी सांगितले तेवढेच केले होते आणि जे सांगायला हवे होते ते माझ्याकडून राहून गेले होते.

तेव्हापासून समोर बसवून एकदा करून घेतल्याशिवाय मी कोणाच्याही हाती सिरिंज देत नाही, मग बाहेर कितीही गर्दी असो. प्राणी पूर्ण शुद्धीवर, पोटावर बसलेला किंवा उभा असावा आणि डोके जमिनीला समांतर असावे. नाक छताकडे केले की घास श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. सिरिंजचे टोक समोरून घशात घालायचे नाही, तर सुळ्याच्या मागे गालाच्या खोबणीत टेकवायचे. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर द्यायचे आणि घशाचा उंचवटा वर जाऊन खाली आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा थेंब द्यायचा नाही. मी वीसची सिरिंज वापरणे बंद केले आहे. दोन किंवा पाच मिलिलिटरचीच देते, म्हणजे घाई करायची म्हटली तरी करता येत नाही. प्राणी ओठ चाटत असेल, लाळ गाळत असेल, सारखे आवंढे गिळत असेल तर त्याला मळमळते आहे. अशा वेळी भरवणे थांबवून आधी उलटी थांबवण्याचे औषध हवे. अंग गार पडले असेल, म्हणजे तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या खाली असेल, तर त्याला तोंडाने काहीही देऊ नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०० ते १०२.५ अंश असते आणि गारठलेल्या पिल्लाचे आतडे हलत नाही, त्यामुळे आधी ऊब, मग अन्न हा क्रम मी कधीही मोडत नाही. मांजरांच्या बाबतीत आणखी एक तोटा आहे. मळमळत असताना एखादे अन्न जबरदस्तीने भरवले की त्या अन्नाची त्यांना कायमची शिसारी बसते आणि बरे झाल्यावरही ती वाटी हुंगून निघून जातात. भरवण्याची गरज दोन दिवसांहून अधिक लांबणार असे दिसले तर नाकातून बारीक नळी घालण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. नळी पाहून घरच्यांना वाईट वाटते, पण प्राण्याला रोज बारा वेळा जबडा धरून घेण्यापेक्षा ती पुष्कळ सुसह्य असते.

याच्या दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच जुनी आहे. “पोटाला विश्रांती द्या, दोन दिवस काही देऊ नका,” हा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत आणि अजून तो घरोघर चालतो. आतड्याच्या आतल्या अस्तराला त्याचे पोषण बऱ्याच अंशी आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळते, त्यामुळे ते उपाशी ठेवले की भरून येण्याऐवजी आणखी झिजते. लहान पिल्लांची साखर काही तासांच्या उपवासाने इतकी उतरते की ती थरथरू लागतात किंवा झटके देतात. मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ आजारापेक्षा हाच आजार जड होतो. म्हणून उलटी आटोक्यात येताच थोडे अन्न सुरू करावे, मात्र “थोडे” म्हणजे किती ते मोजून ठरवावे. दोन ते पंचेचाळीस किलोच्या प्राण्यासाठी वजनाला ३० ने गुणून त्यात ७० मिळवले की विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरी अंदाजे कळतात. दहा किलोच्या कुत्र्याला हा आकडा ३७० येतो. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे नव्वदच्या आसपास, सहा वेळांत विभागून द्यायचा. तो एका वेळी मोठा चमचाभर मऊ भात आणि कातडी-हाडे काढून नुसत्या पाण्यात उकडलेल्या कोंबडीचे दोन तंतू एवढाच होतो. इतके कमी पाहून घरच्यांचा जीव वरखाली होतो, पण तेवढे पोटात टिकले तरच दुसऱ्या दिवशी दुप्पट करता येते.

सलाईनची घाई हा माझा दुसरा मोठा आक्षेप आहे. बाटली ५०० मिलिलिटरची असते आणि ती संपली की घरी जायचे, असे सगळ्यांच्या मनात पक्के बसलेले असते. मी पाठ फिरवली की कोणीतरी नळीवरचे चाक हळूच सैल करते. दोन किलोच्या पिल्लाचा हिशेब करून पाहावा. रोजची गरज किलोमागे साधारण ५० मिलिलिटर धरली तर शंभर होते. शरीरातले पाणी आठ टक्के कमी झाले असेल तर ती तूट १६० मिलिलिटर होते. म्हणजे दिवसभराची बेरीज २६० आणि त्यात चालू जुलाबांतून जाईल तेवढी भर घालायची. बाटलीतला साधारण निम्मा साठा त्याला चोवीस तासांसाठी पुरतो. तीच बाटली दोन तासांत आत गेली तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. सुरुवातीला धक्क्यात (शॉकमध्ये), म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या अवस्थेत असलेल्या प्राण्याला डॉक्टर वेगाने सलाईन देतात, पण ते मोजून आणि समोर उभे राहून देतात. मी बाटलीवर चिकटपट्टीची उभी पट्टी लावते आणि त्यावर दर तासाला पातळी कोठे असावी याच्या खुणा पेनने करते. मग घरच्या माणसांनाही कळते की उशीर होत नसून हाच वेग हवा आहे.

सलाईन किती मुरले याचा खरा हिशेब वजन सांगते. कातडी चिमटीत धरून पाहण्याची रीत उपयोगी आहे, पण पिल्लांची कातडी सैल असते, लठ्ठ प्राण्याची पटकन मागे जाते आणि हाडकुळ्याची उगाच वर राहते. सकाळ-संध्याकाळ त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. एका दिवसात शंभर ग्रॅम घटले तर ते मांस गेलेले नसते, सुमारे शंभर मिलिलिटर पाणी गेलेले असते. खाली अंथरलेले पॅडही मी कोरडे असताना आणि भिजल्यावर तोलते. नवीन मुले कंटाळतात, “अंदाज येतोच की” म्हणतात. पार्वोच्या पिल्लाच्या बाबतीत असा अंदाज पहाटे तीन वाजता चुकतो.

कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घातलेली बारीक नळी, लावलेल्या पायाचा पंजा झाकू नये. मी दोन बोटे नेहमी उघडी ठेवते आणि येता-जाता ती दाबून पाहते. ती सुजलेली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली आहे किंवा सलाईन शिरेबाहेर जाते आहे, आणि तेव्हा पट्टी त्याच क्षणी सोडायची असते.

आता फिनाइलविषयी. पार्वोने पिल्लू गेलेले एक कुटुंब महिन्याभरात दुसरे पिल्लू घेऊन आले आणि त्यालाही तीच लक्षणे होती. घर रोज फिनाइलने पुसल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले आणि ते खरेही होते. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू फिनाइलला, स्पिरिटला आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. सावलीतल्या ओलसर कोपऱ्यात तो काही महिने, कधी वर्षभरही तग धरतो. त्यावर घरच्या घरी भरवशाचा उपाय म्हणजे कपड्यांसाठी मिळणारे साधे ब्लीच, एक लिटर पाण्यात साधारण ३५ मिलिलिटर. पण आधी घाण साबणाने पूर्ण धुऊन काढावी लागते, कारण विष्ठेच्या थरावर ओतलेले ब्लीच तिथेच वाया जाते, आणि त्यानंतर जमीन निदान दहा मिनिटे ओली राहावी लागते. ब्लीचमध्ये टॉयलेट साफ करायचे आम्ल कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. पिल्लाची गोणपाटे, गाद्या, दोरीची खेळणी टाकून द्यावीत. अंगणातली माती अशा रीतीने निर्जंतुक करता येत नाही, तेव्हा त्या घरात पुढचे पिल्लू आणायचे तर लसींचा क्रम पूर्ण झालेलेच आणावे. तो क्रम सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतो, दर तीन-चार आठवड्यांनी पुढची मात्रा दिली जाते आणि शेवटची सोळा आठवड्यांनंतर पडायला हवी. “एक इंजेक्शन झाले आहे” हे वाक्य मी इतक्या पार्वोग्रस्त पिल्लांच्या बाबतीत ऐकले आहे की आता ते ऐकले की छातीत धस्स होते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणूनच पुढच्या मात्रा असतात. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी पार्वोचा पिंजरा सर्वांत शेवटी हाताळावा आणि त्या खोलीची चप्पल त्याच खोलीत ठेवावी. घरात मांजर असेल तर फिनाइल तसेही वापरू नये. ते पंजे चाटते आणि फिनॉलसारखी द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत.

माणसांच्या गोळ्या देऊ नयेत: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडून रक्ताच्या उलट्या होतात. जुलाब थांबवायच्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. अशक्तपणावर दूध हा उपाय नाही, त्याने जुलाब वाढतात. भातात कांदा-लसणाची फोडणी घातलेले काहीही कालवू नये.

मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. दोऱ्याचे दुसरे टोक बहुधा जिभेखाली किंवा जठरात अडकलेले असते आणि ओढल्यावर आतडे चुण्या पडल्यासारखे गोळा होऊन त्याच दोऱ्याने कापले जाते. संक्रांतीनंतरच्या आठवड्यांत उलट्या करणारे प्रत्येक मांजर आले की मी त्याची जीभ उचलून खाली पाहतेच. त्याचप्रमाणे बोका मातीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसू नये. त्याची लघवी अडलेली असू शकते आणि मग दिवस नव्हे, तास मोजायचे असतात.

मागचा भाग स्वच्छ ठेवणे हे काम सगळे टाळतात. जुलाबांनी माखलेले केस कातरून घ्यावेत, कोमट पाण्याने धुऊन पुसण्याऐवजी टिपून कोरडे करावे आणि व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पावसाळ्यात ओल्या, घाणेरड्या शेपटीखाली माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात आणि आतड्याच्या रुग्णाला जखमेचाही रुग्ण व्हावे लागते.

डॉक्टरांना “उलटी झाली” एवढेच सांगू नये. पोट आखडून, ढवळून बाहेर आले की नुसती मान खाली घालून न पचलेले अन्न नळीसारखे पडले, यावर पुढचा तपास अवलंबून असतो, म्हणून मोबाइलवर चित्रफीत काढून ठेवावी. शौचाचाही फोटो घ्यावा: डांबरासारखा काळा रंग, ताजे लाल रक्त आणि शेंबडासारखी आव या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

शौच घट्ट झाल्यावर नेहमीचे अन्न एकदम सुरू करू नये. पहिल्या दोन दिवशी चौथा भाग जुने अन्न आणि बाकी भात-कोंबडी, मग निम्मे-निम्मे, मग तीन भाग, असे आठवडाभरात परतावे; मधेच शौच पुन्हा सैल झाले तर एक पायरी मागे येऊन तिथे दोन दिवस थांबावे.