लॉनमोअर सुरू होत नाही? आधी पेट्रोल बघा, मग पार्ट मागवा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक लॉनमोअरचं इंजिन ठणठणीत असतं. मालक मात्र 'इंजिन गेलं, आता नवीनच घ्यावं लागणार' असं मनाशी ठरवून आलेला असतो. मागच्या हंगामात शेवटचं गवत कापून मशीन तसंच कोपऱ्यात ढकललेलं, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि आता दोरी ओढून ओढून खांदा भरून आलाय, ही जवळपास प्रत्येकाची कहाणी. यातलं बरंचसं काम घरी, चार पाने (स्पॅनर) आणि एक कानस घेऊन करता येतं. जे करता येत नाही ते ओळखून वेळीच सोडून देणंही तितकंच गरजेचं आहे, म्हणून दोन्ही सांगते.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येकाला सांगते. पात्याजवळ हात नेण्यापूर्वी स्पार्क प्लगवरची टोपी ओढून काढा आणि ती पुन्हा प्लगला टेकणार नाही अशी बाजूला अडकवून ठेवा. बंद मशीनचं पातं हाताने फिरवलं तरी आत पिस्टन हलतो, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ असेल तर इंजिन एखादा फेरा पेटू शकतं. तेवढ्यात बोटं जातात. बॅटरीच्या मशीनची बॅटरी आणि सेफ्टी चावी दोन्ही काढा, वायरच्या मशीनचा प्लग सॉकेटमधून काढा. पेट्रोलचं मशीन आडवं करायचं असेल तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वरच्या अंगाला राहू द्या. उलट्या कुशीवर पाडलं की ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं, मग सुरू केल्यावर पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि माणूस घाबरतो. तसं झालंच असेल तर फिल्टर बदला, प्लग पुसा आणि थोडा वेळ चालू द्या. धूर आपोआप थांबतो.

मशीन सुरूच होत नाही

पेट्रोल महिनाभरात शिळं व्हायला लागतं. त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि कार्ब्युरेटरला जाणारी नळी नेमकी तिथूनच निघते. म्हणून पहिलं काम म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करा आणि ताजं पेट्रोल भरा. जुन्यात नवीन मिसळू नका. बरीच छोटी इंजिनं १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल झेपेल अशी बनवलेली असतात, त्यामुळे मशीनच्या पुस्तिकेत काय मर्यादा दिली आहे ते एकदा बघून ठेवा.

ताज्या पेट्रोलवरही नुसतीच फुरफुर होत असेल तर प्लग काढा. प्लगचं तोंड बरंच काही सांगतं. फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळतेय, बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला असतो. पेट्रोलने ओला असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय. चोक, म्हणजे गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप, पूर्ण उघडा, प्लग पुसून वाळवा, थोडं थांबा आणि पुन्हा ओढा. अगदी कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे खोट कार्ब्युरेटरमध्ये किंवा नळीत. दोन टोकांमधली फट बहुतेक लॉनमोअरच्या इंजिनांना साधारण ०.७५ मिलिमीटर लागते. नवीन प्लग बसवताना आधी हातानेच फिरवा. आटे सरळ बसलेत याची खात्री झाली की मगच पाना लावा. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा घुसवलेला प्लग त्याचे आटे कायमचे खातो.

ठिणगी पडते का, हे बघायला स्वस्तातला स्पार्क टेस्टर मिळतो, तो घ्या. उघड्या प्लगच्या भोकाजवळ ठिणगी पाडायची जुनी पद्धत मला पसंत नाही, तिथे पेट्रोलची वाफ असते. ठिणगीच नसेल तर लगेच इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारा भाग, मागवू नका. हँडलचा दांडा सोडल्यावर इंजिन बंद करणारी एक बारीक वायर कॉइलकडे जाते, ती कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला चिकटते. ती वायर काढून पुन्हा बघा. आता ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, दोष वायरचा किंवा स्विचचा. ही वायर काढलेली असताना मशीन वापरायचं मात्र नाही, कारण मग दांडा सोडला तरी इंजिन थांबणार नाही.

सुरू होतं आणि बंद पडतं

इथे सगळ्यात सोपी तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मशीन बंद पडलं की झाकण सैल करा, आणि त्यानंतर सुरू झालं तर चोर सापडला.

तसं नसेल तर कार्ब्युरेटर. याला लोक उगाच भितात. सगळं उघडायची गरज क्वचित पडते, खालची वाटी काढली की बहुतेक वेळा काम होतं. मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण गार झाल्यावर बसा. पेट्रोलचा कॉक बंद करा, कॉक नसेल तर नळी हलक्या चिमट्याने दाबून धरा. वाटीच्या बुडाशी मधोमध एक बोल्ट असतो. खाली भांडं ठेवा आणि तो सोडवा. वाटीत काय आहे ते आधी निरखून बघा. तळाशी गोळ्यांसारखे थेंब असतील तर ते पाणी. पांढरी भुकटी असेल तर पाण्याने धातू खाल्लाय. पिवळसर, वार्निशसारखा थर असेल तर ते वाळलेलं पेट्रोल.

आता तो बोल्ट उजेडात धरा. कित्येक कार्ब्युरेटरमध्ये हा बोल्टच मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य तोंड, असतो, त्याच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. त्यातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसत नसेल तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एकच तंतू घ्या आणि हलक्या हाताने आतबाहेर करा. पोलादी सुई किंवा ड्रिलचं टोक घालू नका. भोक केसभर जरी मोठं झालं तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही. मग कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा द्या. वाटीची रबरी रिंग आधी बाजूला काढून ठेवा, क्लीनरने ती फुगते आणि खाचेत परत बसत नाही. फ्लोट, म्हणजे वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, वर उचलून खाली सोडा, अडकता कामा नये.

साफ करूनही इंजिनचा आवाज वर-खाली, वर-खाली होत राहिला, तर बारीक जेट अजून तुंबलेला आहे किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट हवा ओढतंय. दोनदा साफ करून फरक नसेल तर मी सरळ नवीन कार्ब्युरेटर बसवते. साध्या मशीनचा हा भाग महाग नसतो, आणि त्यासाठी अख्खं मशीन टाकून देणं मला अजिबात पटत नाही.

ऑइलच्या कांडीवर पातळी एकाएकी वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर फ्लोटची सुई गळतेय आणि पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतंय. अशा ऑइलवर मशीन एक मिनिटही चालवू नका. आधी सुई, मग ऑइल, आणि दोन्ही झाल्याशिवाय दोरीला हात नको.

पातं

गवत कापल्यावर दुसऱ्या दिवशी टोकं पांढुरकी, फाटल्यासारखी दिसतात का? मग पातं कापत नाही, ओरबाडतंय. साधारण २० ते २५ तास वापर झाला की धार लावा, खडे लागत असतील तर आधीच.

पातं सोडवण्यापूर्वी त्याच्या जमिनीकडच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. उलटं बसवलेलं पातं गवत नुसतं झोडपतं. वर वळलेले पंख नेहमी डेकच्या (पात्यावरच्या झाकणाच्या) आतल्या बाजूला. पातं आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा आणि बोल्ट सोडवा. कारखान्यात दिलेला कोन तसाच ठेवून कानस एकाच दिशेने चालवा आणि दोन्ही बाजूंना सारखेच हात मारा. सुरीसारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला मोडते. ग्राइंडर वापरत असाल तर धातूवर निळी झाक येऊ देऊ नका. निळी झाली म्हणजे पोलाद नरम पडलं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. भिंतीत आडवा खिळा ठोका आणि पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवा. जी बाजू खाली झुकते ती जड. तिथलं थोडं घासा, पुन्हा अडकवा, आडवं स्थिर राहीपर्यंत. हे काटेकोर करा, कारण ५३ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेतं तेव्हा त्याचं टोक सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतं. दोन बाजूंच्या वजनातला किरकोळ फरकही त्या वेगाला बेअरिंग आणि शाफ्ट (पातं फिरवणारा आस) झिजवतो. वाकलेलं किंवा चीर गेलेलं पातं हातोडीने सरळ करू नका, टाकून द्या. नवीन घेताना लांबी आणि मधल्या भोकाचा आकार दोन्ही जुळले पाहिजेत, काहींना गोल भोक असतं, काहींना चांदणीसारखं.

दगडावर आदळल्यानंतर

पातं मुळाला किंवा दगडाला आपटलं, इंजिन धाडकन थांबलं आणि आता सुरू होत नाही, किंवा दोरी हाताला उलटा झटका देते. अशा वेळी फ्लायव्हीलखालची (इंजिनच्या जड फिरत्या चाकाखालची) 'की' नावाची पट्टी बघा. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये मऊ धातूची एक छोटी पट्टी असते. धक्का बसला की आधी ती तुटावी आणि महागडा भाग वाचावा, यासाठीच ती मऊ ठेवलेली असते. अर्धवट तुटली की फ्लायव्हील जरासं सरकतं आणि ठिणगी अवेळी पडते. प्लग, पेट्रोल, कार्ब्युरेटर सगळं चोख असूनही मशीन चालत नाही, आणि लोक महिनाभर कार्ब्युरेटरच धूत बसतात. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. तो तुमच्याकडे नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या, किंमत किरकोळ आहे. जागी साधी पोलादी पट्टी मात्र कुणालाही बसवू देऊ नका.

ही पट्टी बदलण्याआधी शाफ्ट सरळ आहे का ते बघून घ्या. प्लगची टोपी काढा, पात्याचं एक टोक डेकच्या कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजा, मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच जागी मोजा. तीन मिलिमीटरच्या वर फरक आला तर पातं किंवा शाफ्ट वाकलाय. चांगलं पातं लावूनही फरक राहिला तर शाफ्ट. घरच्या मोअरसाठी तो खर्च परवडत नाही, आणि वाकलेल्या शाफ्टवर मशीन चालवणं धोक्याचं आहे.

बॅटरीचं आणि वायरचं मशीन

यांची दुखणी थोडी. उंच ओल्या गवतात बॅटरीचं मशीन मध्येच थांबलं तर बहुतेक वेळा संरक्षक सर्किटने काम केलेलं असतं. थंड होऊ द्या, पात्याखालचं गवत काढा, उंची वाढवून दोन फेऱ्यांत कापा. तरीही चालेना तर बॅटरीचे संपर्क कोरड्या कापडाने पुसा. लिथियम बॅटरी काही महिने ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली की लवकर म्हातारी होते. वायरच्या मशीनमध्ये आधी वायर हाताने चाचपून बघा, मग स्विच, मग मोटरचे कार्बन ब्रश. कापली गेलेली वायर चिकटपट्टी लावून ओल्या लॉनवर वापरू नका.

नवीन कधी घ्यायचं

दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या मशीनच्या निम्म्याच्या पुढे जात असेल तर थांबा. शाफ्ट वाकलेला, कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनच्या अंगाला भोक पडलेलं, किंवा चाकांच्या आसाभोवती डेक गंजून चाळणी झालेला, या तिन्हीत मी दुरुस्ती सुचवत नाही. बॅटरीच्या मशीनसाठी आधी बघा की त्याच जातीची बॅटरी अजून विकत मिळते का. दोरी तुटली, केबल ढिली पडली, चाक झिजलं, बेल्ट घसरतोय, यासाठी मात्र कधीच नवीन मशीन घेऊ नका.

लॉन छोटं आणि सपाट असेल तर हाताने ढकलायच्या रील मोअरचा विचार जरूर करा. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी पहिल्या लॉनमोअरचं पेटंट घेतलं, ते याच पद्धतीचं. कापडावरचे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून त्यांना ते सुचलं होतं. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. फिरतं रील आणि खालचं स्थिर पातं यांच्यात वर्तमानपत्राची पट्टी धरा, पूर्ण लांबीत ती स्वच्छ कापली गेली तर जुळणी बरोबर आहे.

जुनं, वापरलेलं मशीन घेणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की तुम्ही येण्यापूर्वी सुरू करू नका. गेल्या गेल्या इंजिनला हात लावून बघा. गार इंजिन एक-दोन ओढींत सुरू झालं, धूर लगेच विरला आणि दांडा सोडल्यावर पातं तीनेक सेकंदांत थांबलं, तर घ्यायला हरकत नाही. हाताला ऊब लागली तर ते पूर्ण गार होईपर्यंत तिथेच थांबा, मगच दोरी ओढा.