कोपेपॉडच्या टाकीत दाटी किती चालते, ते कसं शोधावं

टाकीवर टॉर्च धरला की कोपेपॉडांचे (माशांच्या पिल्लांना चारायच्या बारीक कवचधारी जीवांचे) ढग दिसतात, पण सकाळी गाळणीत नॉप्ली, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली त्यांची पिल्लं, जेमतेम. गोब्रा किंवा तांबोशी माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांचं इथेच अडतं, कारण या माशांच्या पिल्लांचं तोंड फार लहान असतं आणि पहिल्या दिवसांत त्यांना नॉप्लीच लागतात. अशा वेळी बहुतेकजण कोपेपॉडांचं खाद्य, म्हणजे शैवाल, वाढवतात. आधी दाटी तपासा. दाटीत तीन गोष्टी एकत्र असतात: माद्यांना खाद्य कमी पडणं, मोठ्यांनी अंडी आणि नॉप्ली खाणं, आणि पाणी बिघडणं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पुढची पद्धत अकार्शिया या जातीच्या कोपेपॉडसाठी आहे. गोव्यात मांडवी-झुआरी नद्यांच्या मुखाशी तो मिळतो. तो अंडी पिशवीत न बाळगता पाण्यात सोडतो आणि ती तळाला जातात, म्हणून दाटीचा फटका त्याला लवकर बसतो.

आधी मोजणी. हवा हळू चालू ठेवा, पाणी हलक्या हाताने ढवळा आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून १० मिलीचे १० नमुने घ्या. सगळ्यांतल्या प्रौढांची बेरीज गुणिले १० म्हणजे लिटरमागे संख्या. एका नमुन्यात १२ आणि दुसऱ्यात १ आला, तर बेरीज फेकून द्या. कोपेपॉड उजेडाकडे गोळा झाले आहेत. टाकी झाकून परत मोजा.

मग चाचणी. १ लिटरच्या बरण्यांत ५०, १००, २०० आणि ४०० माद्या ठेवा, प्रत्येक संख्येच्या दोन बरण्या. सूक्ष्मदर्शकाखाली मादीच्या मागच्या निमुळत्या भागाला ३ खंड दिसतात, नराला ५. सोबत थोडे नर असू द्या. प्रत्येक जोडीतल्या एका बरणीत १८० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळीचा तळ असलेलं नळकांडं टांगा, जाळी तळापासून २ सेंटीमीटर वर, आणि माद्या त्याच्या आत सोडा. अंडी जाळीतून खाली पडतात, मोठ्यांना तिथे पोचता येत नाही. खाद्य आयसोक्रायसिस हे सूक्ष्म शैवाल, मिलीमागे ५० हजार ते १ लाख पेशी. पहिले २४ तास काहीच मोजू नका. हाताळणीचा धक्का आणि आधीच्या खाद्याचा परिणाम अंड्यांवर उरलेला असतो. त्यानंतर दर १२ तासांनी ५० मायक्रॉनच्या गाळणीवर अंडी आणि नॉप्ली दोन्ही मोजा, कारण २८ अंश सेल्सियसला काही अंडी तेवढ्यात फुटून नॉप्ली बाहेर येतात. बेरजेला माद्यांच्या संख्येने भागा. एकूण अंडी बघून फसायला होतं: माद्या दुप्पट करून अंडी दीडपटच झाली, तर दर मादी उत्पन्न घटलेलं आहे.

जाळीच्या बरणीत अंडी भरपूर आणि साध्या बरणीत कमी, तर ती खाल्ली जाताहेत. दोन्हींत कमी असतील, तर १२ तासांनंतर हीमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या आखीव काचपट्टीवर) शैवालाच्या पेशी मोजा. निम्म्याहून कमी उरल्या असतील तर भूक हेच कारण. खाद्य एकदम न देता चार वेळा विभागून द्या. खाद्य पुरेसं असूनही अंडी कमीच, तर त्याच माद्या ताज्या गाळलेल्या पाण्यात हलवा. एक-दोन दिवसांत आकडा वर आला, तर दोष जुन्या पाण्याचा. इथे शैवाल वाढवणं घातक ठरतं: ते दाट झालं की दुपारी पीएच चढतो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात जातो.

टाकीत सुरुवात लिटरला १०० प्रौढांनी करावी. चाचणी न करता ५०० च्या वर जाऊ नये. अंडी रोज काढा. हवा १५ ते २० मिनिटं बंद ठेवा, तळाचं पाणी नळीने ओढा, १८० मायक्रॉनवर प्रौढ अडवून परत टाकीत सोडा, खालच्या ५० मायक्रॉनवरची अंडी धुऊन वेगळ्या टाकीत घाला. गाळाखाली दबलेल्या अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती फुटत नाहीत, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशीही चुकवू नका.

जूनमध्ये पावसाने मांडवीचं पृष्ठभागावरचं पाणी जवळजवळ गोडं होतं. मे महिन्यातलं ३० ते ३५ पीपीटी (हजार भागांत क्षाराचे भाग) खारटपणाचं पाणी गाळून, झाकून, अंधारात साठवा. साठा कमी असला की पाणी बदलणं लांबतं. अशा वेळी प्रौढांची संख्या निम्मी करा. तेवढ्यासाठी खारं पाणी पुरतं.

पिशवीत अंडी बाळगणाऱ्या अपोसायक्लॉप्ससारख्या जाती दाटी जास्त सोसतात. त्यांच्यात अंडी मोजत बसू नका: १०० माद्यांपैकी किती जणींना पिशवी आहे आणि पिशवीत किती अंडी आहेत, हे आठवड्यातून दोनदा बघा. तळाशी सरपटणाऱ्या हार्पॅक्टिकॉइड गटातल्या कोपेपॉडांना लिटर नाही, पृष्ठभाग लागतो. त्यांच्यासाठी उथळ ट्रे घ्या.