शिबिराआधी पाण्याची वेळ विचारा

चाळीत बीपी-शुगरचं शिबिर घ्यायचं आणि त्याला जोडून खाण्यापिण्यावर बोलायचं, असं ठरत असेल तर तारखेच्याही आधी पाण्याची वेळ विचारा. मुंबईत कुठे पहाटे पाणी येतं, कुठे संध्याकाळी. एका गल्लीची वेळ पुढच्या गल्लीला लागू होईलच असं नाही. कमिटीच्या सेक्रेटरीला विचारू नका, तो पाणी भरत नाही. जी भरते तिला विचारा. गेल्या खेपेला मिठा-तेलावरचं अख्खं बोलणं पेन्शनर मंडळींनी ऐकलं आणि ज्यांच्या हातात मीठ-तेल असतं त्या सगळ्या जणी पिंपं भरत होत्या. पेन्शनरांनी टाळ्या मात्र छान वाजवल्या.

गणपती-नवरात्र टाळायचं हे सांगायला नको. रविवार धरलात तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा, डॉक्टर लांबून येणार असतील तर नक्कीच. हॉल, खुर्च्या, बॅनर तुमचं तुम्ही बघालच.

बीपीच्या मशीनला दोन मापांचे कफ हवेत. जाड दंडावर लहान कफ आवळला की आकडा उगाच वर जातो. तीन मजले चढून आलेल्या माणसाचं लगेच मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून गप्प बसवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नाही. म्हणजे दारात चहाचं टेबल लावायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आकडा १४०/९० च्या वर गेला म्हणून ‘तुम्हाला बीपी आहे’ असं तोंडावर सांगू नका. एका मोजणीवर ते ठरत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. पण १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखतंय, दम लागलाय किंवा जीभ अडखळतेय, तर थेट हॉस्पिटल. गाडी कुणाची, हे आधी ठरवून ठेवा.

शुगरला प्रत्येकासाठी नवी सुई. हात धुऊन कोरडे करायला लावा, नाहीतर बोटाला लागलेल्या लाडवाची साखर मशीनवर दिसेल. उपाशीपोटी बघायची असेल तर निदान आठ तास पोटात काही नको, हे आदल्या दिवशी घरोघर सांगा. आणि उपाशीपोटी म्हणजे सकाळ. सकाळी पाणी येतं का? परत विचारा.

बोलायला जो येणार त्याला स्लाइड आणू देऊ नका. मिठाची पिशवी, तेलाची पिशवी, पापडाचं आणि फरसाणचं पाकीट, एक चमचा, एवढं पुरे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यातच पापड, लोणचं, सुकट, वडापाव सगळं आलं. पण ग्रॅम कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा विचारा, मिठाची किलोची पिशवी घरात किती दिवस पुरते? चार मोठ्या माणसांत ती पन्नास दिवसांच्या आत संपत असेल तर हात सैल आहे. याचं उत्तर देऊ शकेल अशी बाई हॉलमध्ये नसेल तर कार्यक्रम करूच नका! पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, हे पाकीट हातात देऊन दाखवा. कमी सोडियमचं मीठ कुणी सुचवलंच, तर किडनीचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असतं. ‘भात बंद करा’ असलं काही बोलायचं नाही, कुणी करत नाही. बायकांना ‘तंबाखू खाता का’ विचाराल तर नाहीच म्हणतील. मिशरी लावता का, हे वेगळं आणि एकेकीला बाजूला घेऊन विचारा.

प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी जायला हवी: आकडा, तारीख, जवळचा पालिकेचा दवाखाना किंवा ‘आपला दवाखाना’ या नावाचा सरकारी दवाखाना आणि त्याची वेळ. मोठ्या अक्षरात, मराठीत. वेळ नेटवर पाहून लिहू नका, जाऊन पाटी वाचा. आरोग्य सेविकेला आधीच कळवा. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट होते, पुढचा धागा तिच्याकडेच राहील.

आदल्या रात्री मशीनचे सेल, स्ट्रिपची एक्स्पायरी, पेनं. आणि त्या दिवशी पाण्याची वेळ बदललेली नाही ना, पाणीकपात नाही ना, एवढं एकदा खाली जाऊन विचारून या.

संपल्यावर वापरलेल्या सुया जाड, बंद डब्यात घालून डॉक्टरांबरोबर पाठवा, चाळीच्या कचऱ्यात नकोत. आकडे जास्त आलेल्यांची यादी करा, महिनाभरात फोन करा.